रोर्क यांची श्वेतद्रव्य-उपपत्ती : एक आक्षेप

शब्दसंपदा विपुल, परंतु आकृती, अंतर व मुद्राभाव यांचे आकलन दुबळे, अशा मुलांची मीमांसा बायरन रोर्क यांनी १९८९ च्या ग्रंथात केली. मेंदूतील श्वेतद्रव्याचा, विशेषतः उजव्या गोलार्धातील, बिघाड हे त्यांच्या मते मूळ कारण होय. जलशीर्ष, टर्नर-लक्षणसमूह अशा भिन्न विकारांत हेच चित्र आढळते, हा आधार आकर्षक खरा. तथापि लक्षणसाम्यावरून कारणैक्य सिद्ध होत नाही. याहून गंभीर अडचण निदानाच्या कसोटीतच आहे. शाब्दिक गुण अशाब्दिक गुणांहून बरेच अधिक असावेत, ही ती प्रचलित कसोटी. सोलापुरातील विणकर घरात तेलुगू बोलणाऱ्या मुलाची चाचणी मराठीतून घेतल्यास शाब्दिक गुणही घटतात आणि तफावत बुजते. असे मूल कारणमीमांसेच्या नमुन्यात येतच नाही. वर्गात मात्र ते सरसकट मंदबुद्धी ठरण्याचा संभव राहतो.