बाणाच्या कादंबरींतील श्वेतवर्ण

बाणभट्टाच्या कादंबरीवर मुंबई-पुण्याकडे थोडे परिश्रम झालेले नाहींत. पीटर्सनसाहेबांची १८८३ ची आवृत्ति, निर्णयसागर छापखान्यानें भानुचंद्र व सिद्धचंद्र या जैन मुनींच्या टीकेसह छापिलेला ग्रंथ, म. म. काणे व मो. रा. काळे यांच्या टीपा, हीं साधनें अभ्यासकांपुढें आहेत. मराठीनें तर या एका ग्रंथाचें नांव उचलून तें सबंध वाङ्मयप्रकारास देऊन टाकिलें. असें असतांही त्यांतील रंगांकडे केवळ अलंकार म्हणून पाहण्याची रूढि पडून गेली आहे. जर्मन पंडित वेबर यानें बाणाच्या गद्यास घनदाट अरण्याची उपमा दिली. आमच्याकडील पुष्कळ वाचक तो आक्षेप मनांतून मान्य करितात आणि मग 'वर्णनें मात्र सुंदर आहेत' असा बचाव करितात. हा बचाव आम्हांस पंगु वाटतो. या कथेंत रंग शोभेसाठीं नाहींत, ते कथा चालवितात. आणि त्यांतही श्वेतवर्ण हा अप्राप्य वस्तूचा वर्ण आहे, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम किन्नरमिथुनाचा प्रसंग घेऊं. दिग्विजय करून चंद्रापीड कैलासाच्या आसमंतांत सुवर्णपुरास राहिला असतां मृगयेंत त्यास किन्नरांचें एक जोडपें दिसतें. तो एकटाच घोडा पिटाळितो, सैन्य मागें राहतें, आणि आतां हातीं लागलेंच असें वाटत असतां तें जोडपें समोरचा कडा चढून दिसेनासें होतें. मनमाडहून अंकाईकडे जातांना हडबीच्या शेंडीचा सुळका ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस घोडा कोठें थांबतो हें निराळें सांगावयास नको. (अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत पद्मपाणीच्या चित्रांत किन्नर पक्षिदेही आहेत, अमरकोशांत ते तुरंगवदन, बाणाचे कोणते, हा वाद येथें नको.) राजपुत्र मग स्वतःसच हंसतो, कीं हें जोडपें धरलें काय आणि न धरलें काय, त्यांत लाभ तो कोणता? परंतु त्याच्या घोड्याचें नांव पाहावें. इंद्रायुध, म्हणजे इंद्रधनुष्य. अंगावर काळ्या, पिवळ्या, हिरव्या व तांबूस रेषा. ज्याच्यापाशीं आजवर कोणी पोंचला नाहीं अशा धनुष्याच्या नांवाच्या घोड्यावर बसून नायक न सांपडणाऱ्या वस्तूच्या मागें धांवतो. यास योगायोग म्हणणारानें बाण वाचलाच नाहीं, असें आम्ही म्हणूं.

त्या चित्रविचित्र घोड्यावरून तो उतरतो अच्छोद सरोवराच्या कांठीं; आणि तेथून पुढें सर्व शुभ्र. शिवालयांत वीणा वाजवीत बसलेली महाश्वेता आपल्या कांतीनें भोंवतालचा प्रदेशही धवल करून टाकीत आहे. तिचें शुभ्रत्व हें तपाचें किंवा वैराग्याचें चिन्ह, असा सोपा अर्थ लावण्यांत येतो. तो टिकत नाहीं. ती दुःख भोगण्यापूर्वींच, जन्मतः श्वेत आहे. तिची माता गौरी चंद्रकिरणांपासून झालेल्या अप्सरांच्या कुलांतील. तिनें ज्याच्यावर जीव जडविला तो पुंडरीक, म्हणजे शुभ्र कमळच. पिता श्वेतकेतु, माता लक्ष्मी. आणि त्या पुंडरीकाचा प्राण जातो तोही चंद्र उगवल्यावर, चांदण्याच्या दाहानें, ती येऊन पोंचण्यापूर्वीं. प्रेमाचा विषयही शुभ्र, आणि मारणाराही शुभ्रच. पुढें चंद्रमंडलांतून उतरलेला एक दिव्य पुरुष पुंडरीकाचें शव उचलून नेतो व पुन्हा भेट होईल असें सांगून जातो. तेवढ्या शब्दावर ती सरोवरकांठीं राहिली आहे. जी इच्छा पुरीही होत नाहीं आणि मरतही नाहीं, तिचा हा रंग. यांत शांतरस शोधणें व्यर्थ होय.

आतां ग्रंथाच्या आरंभाकडे वळावें. शूद्रकाच्या सभेंत चांडालकन्या येते ती निळा कंचुक व वर तांबडें अवगुंठन घेऊन, आणि तिच्याबरोबर पिंजऱ्यांत हिरवा शुक. श्वेतवर्ण तेथें मुख्य नाहीं. तो शुक म्हणजे शापानें जन्मांतरें भोगणारा पुंडरीकच, आणि ती कन्या म्हणजे त्याची माता लक्ष्मी, हें कळावयास ग्रंथाचा शेवट गांठावा लागतो. पांढरें कमळ पिंजऱ्यांतला हिरवा पक्षी झालें, ही सर्व कथाच रंगांतून सांगितलेली आहे. काश्मीरच्या अभिनंदानें आठ सर्गांत कादंबरीकथासार रचिला. घटना समजून घेण्यास तो बरा. परंतु संक्षेप करूं पाहणारा प्रथम वर्णनांवरच कात्री चालवितो, आणि तीं गेलीं म्हणजे घटना कां घडतात हें कळेनासें होतें.

संग्राहकांच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. बाणाचा पूर्वभाग कादंबरीचें बोलणें चालू असतां मध्येंच तुटतो. उरलेला भाग त्याच्या पुत्राचा. त्याचें नांव पोथ्यांत कोठें भूषण, कोठें पुलिन, कोठें पुलिंद असें येतें. पुत्रानें पित्याची योजना पाळली यांत आम्हांस शंका नाहीं. शुक पहिल्याच भागांत आहे, त्या अर्थीं पुनर्मीलन पित्यासही अभिप्रेत होतें. तथापि जसे ग्रंथ आपल्यापुढें आहेत तसे पाहतां, पित्याच्या हस्तें कोणासच कांहीं प्राप्त होत नाहीं, आणि पुत्राच्या हस्तें सर्वांसच सर्व प्राप्त होतें. पुंडरीक आकाशांतून उतरतो, चंद्रापीड कादंबरीच्या स्पर्शानें उठतो, श्वेतवर्णाचें काम संपतें. पुत्राची सचोटी आम्ही मानितों. परंतु महाश्वेतेची जी मूर्ति मनांत राहते ती त्याच्या सांध्याच्या अलीकडची.

याकरितां ज्यांच्या संग्रहीं कादंबरीची पोथी असेल त्यांनीं सूचींत नुसतें 'संपूर्ण' किंवा 'अपूर्ण' असें लिहून थांबूं नये. पूर्वभाग कोणत्या शब्दावर थांबतो, सांध्यावर लेखकानें नवें पान घेतलें आहे कीं ओळ तशीच पुढें चालविली आहे, हस्त बदलला आहे काय, आणि पुत्राचें नांव कोणतें दिलें आहे, हें नोंदवावें. एखादी पोथी पूर्वभागाशींच संपत असल्यास ती त्रुटित म्हणून बाजूस टाकूं नये.