‘अंगावर काढणे’ : आरोग्य-विषमतेच्या संशोधनातील भाषेचा प्रश्न

१

समाजातील निरनिराळ्या थरांच्या आरोग्यात जे अंतर पडते त्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधनास २०२५ हे वर्ष फार जड गेले. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी त्या वर्षी शेकडो संशोधन-अनुदाने मध्येच रद्द केली. परदेशी संस्थांना उप-अनुदान देण्याची जुनी पद्धत मे महिन्यात थांबविली. आणि याच विषयासाठी स्थापन झालेली त्यांची स्वतंत्र संस्था बंद करण्याचा प्रस्तावही पुढील अंदाजपत्रकात मांडला गेला. अर्ज तपासताना त्यांतील काही विशिष्ट शब्दांवर बोट ठेवले जाते, आणि म्हणून संशोधक समता, विषमता या अर्थाचे शब्द आपल्या अर्जांतून आपणच गाळू लागले आहेत, असेही त्या सुमारास प्रसिद्ध झाले. आपल्याकडील राष्ट्रीय कुटुंब-स्वास्थ्य सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ मध्ये मुंबईच्या लोकसंख्या-विज्ञान संस्थेने पार पाडली, ती अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेच्या द्रव्यसाहाय्याने. त्या विकास संस्थेचे स्वतंत्र कार्य जुलै २०२५ मध्ये संपुष्टात आले.

आता द्रव्य कोठून यावयाचे, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो भाषेच्या अभ्यासकाच्या अधिकारातला नव्हे. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो निराळ्या प्रश्नाचा. द्रव्य मुबलक होते तेव्हा या संशोधनाने ज्यांच्या आरोग्याची मोजदाद केली त्यांच्या भाषेशी कसा व्यवहार केला? शब्द वगळल्याने संशोधनाचा विषयच नाहीसा होऊ शकतो हे अमेरिकेतील विद्वानांस २०२५ मध्ये कळून चुकले. आपल्याकडे ही गोष्ट कोणाच्या हुकुमावाचून पूर्वीपासूनच घडत आली आहे, असे या लेखकाचे मत आहे.

२

उदाहरण घ्यावयाचे तर अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे ‘सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ सुरू केला. तालुका अवर्षणाचा, बीड जिल्ह्याच्या सरहद्दीवरचा. गावातीलच एखाद्या स्त्रीस, बहुधा ती दलित अथवा अन्य दुर्बल जातीतील आणि पुष्कळदा निरक्षर, शिकवून तयार करावयाचे आणि गावाचे आरोग्य तिच्या हाती सोपवावयाचे, ही या प्रकल्पाची मुख्य कल्पना. या कार्याबद्दल उभयतांस १९७९ चे मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

या गावांविषयी तीन ग्रंथित साधने विशेष प्रसिद्ध आहेत. पहिले, जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये केनेथ न्यूएल यांच्या संपादनाखाली काढलेल्या संग्रहातील आरोळे यांचे प्रकरण. चीन, क्यूबा, टांझानिया यांच्या प्रयोगांशेजारी जामखेडचे नाव प्रथम आले ते येथे. दुसरे, आरोळे दांपत्याने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘जामखेड’ हा ग्रंथ. तिसरे, याच संघटनेच्या पत्रिकेत २०१० मध्ये आलेला एक तुलनात्मक शोधनिबंध. प्रकल्पाची गावे आणि शेजारची इतर गावे यांची तुलना करून पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता, असे त्यात दाखविले आहे. लाभ दिसतो तो मुख्यतः जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या अर्भकांत. पहिल्या महिन्यातील मृत्यूंत तो तसा स्पष्ट दिसत नाही.

या तीन साधनांत १९९४ चा ग्रंथ आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. १९७१ मध्ये या गावांत अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ होते, अशी प्रकल्पाची नोंद आहे. असा आकडा देऊन लेखक थांबत नाहीत; त्या आकड्यामागील स्त्रिया ग्रंथात आपापली हकीकत सांगतात. यांपैकी मुक्ताबाई पोळ यांनी १९८८ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत सभागृहातील झगमगत्या झुंबरांना डॉक्टरांची आणि हातातील साध्या दिव्याला गावच्या आरोग्यसेविकेची उपमा दिली, तो प्रसंग पुढे जगभर सांगितला गेला. परिभाषेने झाकून गेलेला माणूस या ग्रंथात पुन्हा उघड्यावर येतो, हा त्याचा फार मोठा गुण होय.

तथापि या गुणाच्या पोटातच एक उणीव आहे. या स्त्रियांनी आपले आयुष्य ज्या भाषेत सांगितले ती जामखेडकडची मराठी, मराठवाड्याच्या बोलीकडे झुकणारी. आणि आपण वाचतो ते सफाईदार इंग्रजी. कोणत्या दुखण्याला त्या काय म्हणत, कोणते नाव उच्चारावयाचे टाळीत, डॉक्टरच्या शब्दाशेजारी आपला कोणता शब्द ठेवीत, याचा पत्ता या इंग्रजीतून लागत नाही. आरोळे यांचा हेतू जगाला पटविण्याचा होता आणि जगाशी बोलावयाचे तर इंग्रजीवाचून गत्यंतर नव्हते, हे मान्यच केले पाहिजे. दोष त्यांच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल. मूळ बोलणे टिपून ठेवणे हे ज्यांचे काम त्या मराठीच्या अभ्यासकांनी त्या काळी जामखेडची वाट धरली नाही, हा खरा दोष होय.

३

बोलणे टिपले नाही म्हणून शास्त्राचे काय बिघडले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका वाक्प्रचारातून मिळते.

काही वर्षांपूर्वी बोलींच्या अभ्यासानिमित्त प्रस्तुत लेखक याच भागातील एका गावी गेला असता तेथे कसलेसे आरोग्य-सर्वेक्षण चालू होते. प्रश्नावलीतील प्रश्न छापील मराठीत होता : ‘गेल्या पंधरा दिवसांत कुटुंबातील कोणी व्यक्ती आजारी होती काय?’ घरच्या बाईंनी ‘नाही’ म्हणून सांगितले आणि तशी खूण झाली. कागद गुंडाळता गुंडाळता विचारणाऱ्या मुलीने सहज म्हटले, ‘मावशी, तोंड उतरलंय तुमचं.’ तेव्हा बाई उत्तरल्या, ‘आजार कसला गं, नुसता ताप हाय. आठ दिस झालं अंगावर काढतीय.’ कागदावरील खूण मात्र होती तशीच राहिली.

या बाई खोटे बोलल्या नाहीत. त्यांच्या भाषेत ‘आजारी’ तो, ज्याने अंथरूण धरले, ज्याला दवाखान्यात न्यावे लागले, ज्याच्यासाठी घराने खर्च सोसला. जे दुखणे हिंडून-फिरून, रोजगार न बुडविता सोसले जाते ते ‘अंगावर काढणे’ होय. एकाच देहस्थितीला दोन नावे आहेत, आणि त्यांतील कोणते लागू करावयाचे हे ज्वराच्या अंशांवर ठरत नाही. पदरी पैसा किती आणि घरात आपले स्थान काय, यावर ते ठरते. म्हणजे आरोग्यातील विषमता येथे शब्दाच्या निवडीतच येऊन बसली आहे. प्रश्नावलीने तीपैकी एकच शब्द उचलला, आणि तोही ज्यांना आजारी पडणे परवडते त्यांचा.

ही केवळ एका गावाची गोष्ट नव्हे. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात याच विसंगतीकडे लक्ष वेधले होते. ज्या केरळात आयुर्मान सर्वाधिक, तेथील लोक स्वतःस आजारी म्हणवून घेण्यात सर्वांच्या पुढे. आणि जेथे आयुर्मान कमी त्या बिहारात आजाराची तक्रार अगदी अल्प. उत्तरांवर विसंबावयाचे तर बिहार निरोगी ठरेल. गडचिरोलीच्या राणी आणि अभय बंग यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे अंतर प्रत्यक्ष तपासणीने दाखविले. ६५० स्त्रियांपैकी ५५ टक्क्यांनी स्त्रीरोगाची काही तक्रार सांगितली; तपासणीत ९२ टक्के स्त्रियांत कोणता ना कोणता विकार आढळला; आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. ५५ आणि ९२ यांच्या मध्ये जे उरले त्यातील बराच भाग ‘अंगावर काढलेला’ असला पाहिजे, असे अनुमान केल्यास ते वावगे ठरू नये.

मृत्यूच्या बाबतीतही हीच अडचण येते. ‘मूल हाती लागले नाही’ असे आई म्हणते तेव्हा ते मृत जन्मले की जन्मून काही तासांनी गेले, हे त्या वाक्यातून कळत नाही. शोक आवरण्यासाठी भाषेने ही संदिग्धता राखलेली असते. गणना करणाराला मात्र याच ठिकाणी निश्चय करावा लागतो. पहिल्या दिवशीचा मृत्यू मृतजन्मात पडला तर दोन्ही आकडे एकदम चुकतात. पहिल्या महिन्यातील मृत्यूंवरच आज सर्व चर्चेचा भर असल्यामुळे ही चूक क्षुल्लक मानता येत नाही.

४

जामखेडला लागूनच बीड जिल्हा आहे. दोन्हीकडची कुटुंबे दरवर्षी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस जातात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. खाडा झाला तर पैसे कापले जातात. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यानंतर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. तिच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे ३ टक्के होते. वयोगट आणि पाहणीची रीत भिन्न असल्याने दोन आकडे तंतोतंत ताडून पाहता येणार नाहीत. पण अंतर डोळ्यांत भरण्याजोगे आहे.

स्त्रिया या शस्त्रक्रियेस ‘पिशवी काढणे’ म्हणतात. या कहाणीतील क्रियापदांकडे लक्ष द्यावे : दुखणे अंगावर काढले, कर्ज काढले, पिशवी काढली आणि पुढच्या हंगामास दिवस काढावयास गेली. चारही ठिकाणी धातू एक, अर्थच्छटा निराळ्या. शब्दसाम्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे भाषाशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. परंतु कोणती घटना कोणत्या घटनेनंतर येते हे सांगणारी स्त्री ज्या क्रमाने बोलते, तो क्रम हे पुराव्याचेच एक रूप आहे. रोग, ऋण आणि शस्त्रक्रिया यांचे तीन स्वतंत्र रकाने करणाऱ्या तक्त्यात तो क्रम मोडतो.

५

अनुदानाच्या अर्जात भाषेला स्थान असते ते एका ठिकाणी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतिपत्र सहभागी व्यक्तीस समजेल अशा भाषेत असावे लागते. तत्त्व उत्तमच आहे. पण परिणाम असा होतो की संपूर्ण संशोधनात मराठीत लिहिलेला सर्वांत काळजीपूर्वक मजकूर म्हणजे ‘मी संमती देते’ हा होय. त्यानंतरचा निष्कर्ष इंग्रजीत निघतो आणि तिच्यापर्यंत परत येत नाही. ‘कोवळी पानगळ’ हा महाराष्ट्रातील बालमृत्यूंवरील २००१ चा अहवाल याला सन्मान्य अपवाद. शासकीय नोंदींतून निसटलेले मृत्यू त्याने पुढे मांडले, आणि मराठी नावाचा तो अहवाल सामान्य वाचकांपर्यंत पोचून राज्यात चर्चा झाली. शब्दांची निवडही येथे पाहण्याजोगी आहे. ‘आरोग्यातील तफावत’ म्हटले की हिशेबनीसाचा तटस्थपणा येतो. ‘विषमता’ म्हटले की फुले-आंबेडकरांपासूनचा न्यायाचा प्रश्न उभा राहतो. मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या सुमारास टाळता येण्याजोगे व अन्याय्य असे अंतर साध्या फरकापासून वेगळे केले. तो भेद मराठीच्या पदरी आधीपासूनच आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. स्थानिक शब्द घेतले तर दोन प्रांतांची तुलना कशी व्हावयाची, हा पहिला. त्यासाठी प्रमाण प्रश्न टाकून देण्याची आवश्यकता नाही. तो विचारून लगेच बोलीतील प्रश्न विचारावा, ‘काही अंगावर काढताय का?’, आणि दोन उत्तरांतील अंतर नोंदवावे. ते अंतर हेच विषमतेचे एक माप ठरेल. दुसरा आक्षेप असा की तपासणीने सत्य कळतेच, मग शब्दांची उठाठेव कशाला? पण घरोघर तपासणी करण्याइतके द्रव्य पूर्वी नव्हते आणि पुढे तर मुळीच नसणार. तपासणीस कोणाला न्यावयाचे हे प्रश्नानेच ठरते.

जामखेडच्या पहिल्या पिढीतील निरक्षर कार्यकर्तीचे सामर्थ्य येथेच होते. तिला दोन्ही शब्द ठाऊक होते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या आशा कार्यकर्तीस आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अट घालण्यात आली. नोंदवह्यांच्या दृष्टीने ती योग्य असेल, पण त्या नोंदवहीत ‘अंगावर काढणे’ याला रकाना नाही.

शेवटी आपल्या घराकडे पाहिले पाहिजे. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे जे खंड सिद्ध केले ते मुख्यतः किनारपट्टीच्या बोलींचे आहेत. घाटावरच्या अवर्षणी तालुक्यांत देह, दुखणे, प्रसूती आणि मृत्यू यांविषयी लोक कोणत्या शब्दांत बोलतात, याचा तालुकावार कोश तयार करणे हे एखाद्या मराठी विभागास दोन-तीन वर्षांत जमण्यासारखे काम आहे. त्याला यंत्रसामग्री लागत नाही; चार विद्यार्थी, प्रवासखर्च आणि ऐकण्याचा सराव एवढ्यावर ते होते. परदेशी अनुदान आटल्याची खंत करीत बसण्यापेक्षा, जे त्या अनुदानाने कधीच केले नसते ते हाती घ्यावे, अशी आमची सहाध्यायी आणि विद्यार्थी यांना विनंती आहे. त्या बाईंच्या नावापुढची ‘नाही’ची खूण चुकीची होती, आणि ती दुरुस्त करण्याचे ज्ञान त्या दिवशी ओसरीवरच हजर होते.