‘पाठलाग’मधील तोतया : एक पुनर्विचार

मराठी मनाला तोतया अपरिचित नाही. पानिपतच्या संग्रामानंतर (१७६१) सदाशिवरावभाऊंचे नाव धारण करून उभ्या राहिलेल्या इसमास १७७६ मध्ये देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटकही लिहिले. राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४) हा चित्रपट बहुधा रहस्यपट म्हणूनच पाहिला जातो. तथापि त्याचे खरे नाते या तोतयाच्या प्रश्नाशी आहे.

चित्रपटातील वकिलाची पत्नी निवर्तली आहे. पुढे दरोडेखोरांशी संबंधित म्हणून पकडलेली स्त्री आपणच ती पत्नी असल्याचे सांगते. संसारातील खासगी आठवणी हाच तिचा पुरावा. एरवी अशा आठवणी ओळख पटवतात. येथे मात्र त्याच तिच्याविरुद्ध जातात. जितके तपशील अचूक, तितकी ती अधिक निष्णात ठग ठरते!

१९४६ मध्ये फ्रेंच समीक्षक नीनो फ्रँक यांनी ज्यांना ‘फिल्म न्वार’ म्हटले, त्या चित्रपटांत फसवणूक करणारी स्त्री वारंवार भेटते. ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) मधील विम्याचा कट हे त्याचे ठळक उदाहरण. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) मध्ये तर एक स्त्री दुसरीचे सोंग घेते आणि पुरुष त्यावर विश्वास ठेवतो. ‘पाठलाग’ने ही मांडणी उलटी केली आहे. येथे स्त्री सत्य बोलते आणि पुरुष ते सोंग समजतो. जिला त्याने अग्नी दिला ती पत्नीची जुळी बहीण होती. म्हणजे त्याची सर्वांत ठाम खात्री हीच मुळी फसगतीतून जन्मलेली आहे. भावना यांनी साकारलेली नायिका आणि काशीनाथ घाणेकरांचा वकील यांच्यातील ताण या विपर्यासातून निर्माण होतो.

चित्रपटाची मर्यादाही येथेच आहे. जुळ्या बहिणीचा उलगडा होताच सर्व काही मिटते. पत्नीचा शब्द पतीला अपुरा का वाटला, हा प्रश्न न्यायालयाबाहेरच राहतो. राज खोसला यांच्या ‘मेरा साया’ (१९६६) या हिंदी रूपांतराने तर उदयपूरचे रंगीत वैभव आणि गाणी यांच्या आधारे तो आणखी सौम्य केला. मराठी कृतीच्या कृष्णधवल काटकसरीत तो निदान जाणवतो. पेशवाईतील तोतयाच्या ओळखीची चौकशी तरी झाली होती. वकिलाच्या खात्रीची चौकशी ‘पाठलाग’मध्ये होत नाही.