‘मारियामा’ आणि ‘ब्लूज’ हे नाव

परक्या कलाकृतीला ओळखीचे नाव देणे हा आस्वादाचा सुलभ मार्ग होय. परंतु नाव मिळताच ऐकणे संपत असेल, तर तो आडमार्गच म्हणावा लागेल. मालीतील गायक बुबाकार त्राओरे (जन्म १९४२) यांची ‘मारियामा’ ही ध्वनिमुद्रिका १९९० साली प्रसिद्ध झाली. एक कंठ आणि एक साधी गिटार एवढीच तिची सामग्री. त्राओरे यांच्या गायनवादनास ‘आफ्रिकी ब्लूज’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

या नावास आधार नाही असे नाही. गुलाम म्हणून अमेरिकेस नेलेल्या माणसांबरोबर पश्चिम आफ्रिकेचे सूरही समुद्रापार गेले आणि ब्लूजच्या घडणीत मिसळले. साम्य आहे ते रक्ताच्या नात्याचे. पण नाते म्हणजे एकरूपता नव्हे. ब्लूजची रूढ चाल बारा खंडांतून, स्वरसंघ बदलीत, मुक्कामास पोचते. त्राओरे यांची गिटार बहुधा एकाच आकृतीभोवती फिरत राहते. अंगठा खर्ज सांभाळतो, तर्जनी वर नक्षी काढते. हे वळण २१ तारांच्या ‘कोरा’ या वाद्याच्या कुळातले आहे.

दुसरे आवरण चरित्राचे. १९८९ साली त्यांची पत्नी वारली. नंतर पोटासाठी ते फ्रान्सला गेले. हे ठाऊक असलेल्या श्रोत्यास प्रत्येक स्वरात विलापच ऐकू येतो. काशीत मणिकर्णिकेच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर संकठा घाट आहे. चिता पाहून तेथे आलेल्या प्रवाशास कोणतेही गाणे वैराग्यपर वाटावे, मग ते संकठादेवीचा नवस फेडावयास निघालेल्या बायकांचे का असेना!

अनुवादकास हा धोका चांगलाच परिचित आहे. जवळचा प्रतिशब्द सापडला की मूळ शब्दाचा उरलेला अर्थ आपण नकळत सोडून देतो. संगीताला भाषा नसते, या लाडक्या समजुतीने तर ही हानी झाकलीच जाते. त्राओरे शब्द गातात, आणि ते शब्द आपणास कळत नाहीत. म्हणून अशा मुद्रिकेसोबत गीतांचा विश्वासू अनुवाद असणे ही चैन नव्हे, गरज आहे.

शब्दांवाचून जे कळते तेही थोडे नाही. स्वरात दुःख आहे, पण ते लय ढळू देत नाही. कंठ थांबतो तेथे गिटार शांतपणे चालतच राहते. हा संयम या गायकाचा स्वतःचा आहे, आणि ‘मारियामा’चे मोठेपण त्यातच आहे.