शाहीर उमप आणि आपले अर्धे प्रेम

शाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले आणि गेले. निमित्त होते एका बौद्ध दूरचित्रवाहिनीच्या उद्घाटनाचे. १९३१ साली जन्मलेला हा कलावंत तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर उभा होता. बातमी सेलूला पोचली तेव्हा आमच्या वस्तीत जो तो एकच म्हणत होता : शाहिराला मरण आले ते दीक्षाभूमीवर, यापरते भाग्य कोणते? वर्धा-नागपूर रस्त्यावरचे हे आमचे गाव. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तनदिनाला इथून माणसे दीक्षाभूमीकडे निघतात. त्या भूमीचा अर्थ आम्हांला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही ते वाक्य मला तेव्हापासून खुपत आले आहे. म्हातारा कलावंत मंचावर गेला की आपण त्याच्या मरणाचे कौतुक करतो, आणि त्याच्या कामाची चिकित्सा मात्र राहून जाते. उमपांच्या बाबतीत ती राहून गेली, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. मी त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांपैकीच एक आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे कुणाला कडू लागले तरी त्याचा उगम कळेल.

हे प्रेम आले कुठून? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, पण आमच्याकडे संच दिसू लागले ते ऐंशीच्या दशकात. वस्तीत एखादाच संच. त्याच्यापुढे अंगणात पोती अंथरून तीसचाळीस माणसे बसत. पडद्यावरची बहुतेक माणसे आमच्यासारखी बोलत नसत, आमच्यासारखी हसत नसत. त्या गर्दीत डफावर थाप मारीत, मान वेळावीत हा माणूस आला की बसलेली माणसे सावरून बसत. ‘आपला माणूस’ हा शब्द तेव्हा ऐकू येई. पुढे संच घरोघर आले, वाहिन्या वाढल्या, शाहिराचे केस पांढरे झाले. तरी तो गातच होता. ‘टिंग्या’ (२००८) या चित्रपटात तो दिसला तेव्हा आमच्या आयाबाया पडद्यावरच्या त्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘बुडा अजून कसा काम करते पाय!’ या एका वाक्यात कौतुक आहे, जिव्हाळा आहे आणि अभिमानही आहे. नाही ते एवढेच : बुडा नेमके काय करतो आहे, हा प्रश्न.

उमप मुंबईच्या नायगावचे. गिरणीकामगारांच्या आणि दलितांच्या वस्त्यांनी भरलेली ती मुंबई. आंबेडकरी जलसे त्याच वस्त्यांच्या पटांगणांत रंगले. उमपांनी भीमगीते गायिली, पोवाडा गायिला, भारूड, गोंधळ, कोळीगीत, कव्वाली गायिली. आकाशवाणीवर गायिले, दूरदर्शनवर गायिले, १९८३ मध्ये आयर्लंडमधील कॉर्कच्या महोत्सवात गायिले. एवढ्या प्रकारांत वावरणारा गळा एका माणसाला मिळणे दुर्मीळ. पण या विविधतेमुळेच त्यांच्या चाहत्यांचे दोन तट पडले आणि दोघांनीही आपापल्या सोयीचा उमप कापून घेतला.

प्रस्थापित सांस्कृतिक जगाने त्यांना ‘लोककलावंत’ म्हटले. त्या शब्दात माती येते, परंपरा येते, रांगडेपणा येतो. आंबेडकर येत नाही. महोत्सवात गोंधळाला टाळ्या मिळतात, भीमगीत मात्र ‘त्यांच्या कार्यक्रमात’ गायचे असते. दुसरीकडे आपण. आपल्याला जयंतीच्या मंडपातला उमप हवा. त्याने भीमगीत गावे, आपण नोटा ओवाळाव्यात, ‘आणखी एक’ म्हणून ओरडावे. त्याचा गोंधळ सुरू झाला की आपल्यातले जाणते कार्यकर्ते अस्वस्थ होतात. एकाने आंबेडकर वगळला, दुसऱ्याने कला वगळली. दोन्ही प्रेमे खरी आहेत आणि दोन्ही अर्धी आहेत.

कार्यकर्त्यांची अस्वस्थता मी उडवून लावणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजापुढे देवीचा गोंधळ का घालावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याला इतिहासही आहे. लोककला ही आपल्याकरिता नुसती कला कधीच नव्हती. गावगाड्यात ती जातीने लादलेली चाकरी होती. पोतराज, वाघ्या, मुरळी यांच्या अंगावरच्या हळदीखाली कोणत्या जातींची माणसे होती, हे आपल्याला ठाऊक आहे. महाडच्या लढ्यासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला, तो आपल्याच बायकांना नाचवून उभा झालेला पैसा होता म्हणून. एवढी कठोर रेघ ज्या चळवळीने ओढली, तिच्या शाहिराला हिशेब विचारला जाणारच.

पण त्याच चळवळीने दुसरीही गोष्ट केली. सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि आतला मजकूर पालटला. भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी तीच वाट पुढे नेली. ढोलकी राहिली, सवालजवाब राहिले, सोंगाड्या राहिला. देवस्तुती गेली, बाईचा नाच गेला, पाणवठ्याचा आणि मंदिराचा प्रश्न आला. म्हणजे आपल्या परंपरेत रूपाचा त्याग हा एकच मार्ग नव्हता. रूप ताब्यात घेणे हाही मार्ग होता. म्हणून उमपांना विचारायचा प्रश्न असा : गोंधळ त्यांच्या ताब्यात होता, की ते गोंधळाच्या ताब्यात होते? याचे उत्तर भाषणाने मिळणार नाही. त्यासाठी ‘जांभूळ आख्यान’ पाहिले पाहिजे.

मी ते पाहिले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. कथा लोकमहाभारतातली आहे. पाच नवरे असलेल्या द्रौपदीचे मन कर्णावर जाते. हाही आपला असता तर, असे तिला वाटून जाते. कृष्ण ते ओळखतो. मग वनातल्या तोडलेल्या जांभळाचे निमित्त होते आणि तिला मनातले कबूल करावे लागते. पंडितांच्या महाभारतात ही गोष्ट सापडत नाही, ती गोंधळ्यांच्या तोंडी टिकली. उमप ती गोंधळाच्या रूपात मांडीत आणि द्रौपदी स्वतः होत. लुगडे नेसण्याची गरज त्यांना पडत नसे. खांदा किंचित खाली येई, मान वळे, बोटे पदराचा काठ धरल्यासारखी मिटत, आणि समोरच्या म्हाताऱ्या पुरुषाच्या जागी मनात नको ते आलेली एक तरुण स्त्री उभी राही. दुसऱ्या क्षणी तोच माणूस निवेदक होऊन प्रेक्षकांना डोळा घाली.

आमच्या भागातल्या प्रेक्षकाला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. खडी गंमत आणि दंडार पाहून वाढलेल्या माणसाला पुरुषाने बाई होणे नवे नाही. पण खडी गंमतीत नाच्याला पाहून माणसे बहुधा बाईच्या सोंगाला हसतात. इथे हसू दुसरीकडे वळत होते. द्रौपदी मनातले लपवू पाहते तेव्हा प्रेक्षक हसतो आणि हसता हसता तिच्या बाजूला जाऊन बसतो. मी आजूबाजूला पाहिले. बायका हसत होत्या, पुरुषांचे हसू मध्येच थांबत होते.

आता यातला कर्ण कोण आहे ते पाहा. सुताच्या घरी वाढलेला, शस्त्र येत असूनही रंगभूमीवर ज्याला कूळ विचारले गेले, जन्माच्या नावाने ज्याचा अधिकार नाकारला गेला, तो कर्ण. त्याच्यावर राजकन्येचे मन जाते. म्हणजे ज्या मांडवाने ‘सूतपुत्र’ म्हणून त्याला बाहेर ठेवले, त्याच मांडवातली नवरी आतून त्याची झालेली आहे. जातिव्यवस्था माणसाच्या पंगतीवर, लग्नावर, पाण्यावर पहारा ठेवते. मनावर ठेवू शकत नाही. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ (१९३६) मध्ये आंतरजातीय विवाह हा जातीवरचा खरा उपाय मानला, तो रक्ताच्या मिसळण्यातून आपलेपणाची भावना येते म्हणून. गोंधळाच्या आख्यानात हा विचार उमपांनी बाहेरून चिकटवला नव्हता. तो कथेच्या पोटातच होता. कर्णाचे नाव आले की त्यांचा आवाज जो ओला होई, त्यातून तो वर येई. म्हणून माझे उत्तर असे की या आख्यानापुरता तरी गोंधळ त्यांच्या ताब्यात होता. देवीच्या नावाने सुरू झालेला खेळ माणसापाशी येऊन थांबत होता.

याचा अर्थ सगळे बिनचूक होते असे नाही. या कथेत मनाची झडती घेणारा कृष्ण आहे आणि झडती देणारी स्त्री आहे. द्रौपदीच्या इच्छेवर प्रेम करूनही आख्यान तिला शेवटी कबुलीजबाबाला उभे करते आणि कृष्णाचा अधिकार शाबूत ठेवते. वाटण्यात गुन्हा काय आहे, असे विचारणारी द्रौपदी मला पाहायची होती. ती उमपांनी उभी केली नाही. तिचे दुःख दाखवले, तिचा प्रश्न सोडून दिला. जलशाने गवळणीतला कृष्ण बाजूला सारला होता. या आख्यानात तो परत न्यायाधीश होऊन बसला आहे. जलशाच्या वारसदाराकडून ही अपेक्षा करणे मला जादा वाटत नाही. हा आक्षेप मी त्यांच्या हयातीत लिहायला हवा होता. लिहिला नाही, कारण म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचे, असे वाटले. आदराच्या नावाखाली आपण कलावंताला अनुल्लेखाने मारतो ते असे. त्यांना हार पुष्कळ मिळाले, प्रतिवाद मिळाला नाही.

वयाबद्दलही दोन शब्द. म्हातारपणी त्यांचा आवाज तरुणपणीसारखा राहिला होता, असे म्हणणे ही खोटी भक्ती आहे. श्वास तोकडा झाला होता. पण तोकड्या श्वासाचे त्यांनी काय केले ते शिकण्यासारखे आहे. लांब तान सोडून ते शब्दावर थांबत. ओळ तोडून अर्धी बोलत, अर्धी गात. त्या थांबण्याने विनोद धारदार झाला आणि दुःखाला जागा मिळाली. ‘या वयातसुद्धा’ असे आपण म्हणतो तेव्हा वयाला अडथळा मानतो. ‘जांभूळ आख्याना’त वय हे साधन झाले होते. तरुण नटाची द्रौपदी मोहात पडलेली दिसली असती. या म्हाताऱ्याची द्रौपदी आयुष्यभर काही मनात ठेवून जगलेली दिसली.

दूरदर्शनने हे आमच्यापर्यंत आणले का? थोडे आणले, बरेच कापले. आख्यान रात्र मागते. पडद्यावरच्या कार्यक्रमात शाहिराच्या वाट्याला काही मिनिटे येतात. त्या मिनिटांत डफ, पागोटे आणि जोश मावतो. थांबणे मावत नाही. म्हणून पडद्याने त्यांना घरोघर ओळख दिली आणि त्यांची अर्धी कला दाराबाहेर ठेवली. आपल्या स्वतःच्या वाहिनीच्या उद्घाटनाला तेच म्हातारपणी उभे राहिले, आणि तिथेच पडले. या घटनेने आपल्यावर एक जबाबदारी टाकली आहे असे मी मानतो. आपल्या हाती माध्यम आले तर आपण शाहिराला रात्र देणार, की आपणही १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरची काही मिनिटेच देणार?

शेवटी सेलूकडे येतो. उमपांचे नाव निदान झाले. आमच्या तालुक्यात कव्वालीचे दुय्यम सामने गाजवलेला एक म्हातारा आहे. नाव देत नाही, त्याला ते आवडणार नाही. शासनाच्या वृद्ध कलावंत मानधनासाठी त्याने अर्ज केला तेव्हा एका कार्यालयात त्याला कलावंत असल्याचा पुरावा मागितला : कात्रणे, प्रमाणपत्रे, छायाचित्रे. आयुष्यभर तो जिथे गायिला तिथे वार्ताहर येत नव्हते. कंदिलाच्या आणि पुढे गॅसबत्तीच्या उजेडात तो गायिला, पहाटे सायकल मारीत परत आला आणि सकाळी कापूस वेचायला गेला. त्याचा पुरावा म्हणजे आम्ही, ऐकणारे. आणि आम्ही एक ओळ लिहून ठेवली नाही.

दलित साहित्याची चर्चा आपण छापील कवितेपासून आणि आत्मकथनापासून सुरू करतो. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची नावे आदराने घेतो आणि पुढच्या परिच्छेदात विसरतो. त्यांची गाणी आपल्याला पाठ असतात म्हणून ती अभ्यासायची गरज वाटत नाही. माझे विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांना सांगणे एवढेच आहे : ज्या म्हाताऱ्याला तुम्ही ‘आणखी एक’ म्हणून गायला लावता, त्याच्यापाशी दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसा. चाल कुठून घेतली, शब्द कुठे बदलला, कोणते कडवे कोणत्या गावात गाळावे लागले, हे विचारा. पटले नाही तर वाद घाला. तो थकला असेल तर पाणी द्या, आणि थांबू द्या. म्हातारा गातो आहे तोवरच हे होणार आहे.