निळा रंग आणि नावाची घाई

कथेत दारिद्र्य आले की ती 'वास्तववादी', कवितेत चांदणे आले की ती 'सौंदर्यवादी', असे शिक्के मारण्याची खोड आम्हा टीकाकारांस जडलेली आहे. तेव्हा निळा स्फटिक दिसताच 'कॅव्हनसाइट!' म्हणून मोकळ्या होणाऱ्या हौशी संग्राहकास हसण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाही. दोघांचाही दोष एकच: रंग पाहिला, वस्तू पाहिली नाही.

सोलापुरात राहणाऱ्यास याचा प्रत्यय घरबसल्या येतो. येथे विहीर खणू लागले की काळा पाषाण लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याचाच तो भाग. अशा पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या सर्व स्फटिकांस आपण सरसकट 'गारगोटी' म्हणतो. वास्तविक गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. ती काचेवर ओरखडा काढते. तिच्या नावाखाली खपणाऱ्या कित्येकांस ते साधत नाही.

याच पाषाणातून, पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींत, निळेभोर कॅव्हनसाइट निघाले आणि जगभरच्या संग्राहकांत त्याची कीर्ती झाली. ते प्रथम आढळले अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात. शास्त्रीय वर्णन १९७३ साली प्रसिद्ध झाले. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकेट यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडले. त्याच वेळी त्याचे भावंड पेंटागोनाइट हेही वर्णिले गेले. दोहोंचे घटक तेच, प्रमाणही तेच; अणूंची मांडणी मात्र निराळी. तेच शब्द वेगळ्या क्रमाने लावले असता अर्थ पालटतो, हे साहित्याच्या वाचकांस सांगावयास नको.

मग खाणीच्या काठावर यांस ओळखावे कसे? प्रथम आकार पाहावा. कॅव्हनसाइटची बारीक पाती एका केंद्रातून फुटून गोंड्यासारखा गोळा करतात. पेंटागोनाइटची पाती अधिक लांब व सुटी असतात. त्याच्या जोडस्फटिकाचा आडवा छेद पाच कोनांच्या चांदणीसारखा दिसतो, आणि नावही त्यावरूनच आले. मग सोबत पाहावी: स्टिलबाइटच्या पेंढ्या, हेउलँडाइटची मोत्यासारखी झाक, कॅल्साइट. मग तळहातावर वजन पाहावे: तांब्याचे निळे खनिज अझुराइट पाण्याच्या पावणेचारपट जड, ही भावंडे सुमारे सव्वादोनपट. ओरखड्याने या दोघांत निवाडा होत नाही, कारण काठिण्य दोघांचेही तीन ते चारच्या दरम्यान. आणि आम्लाचा थेंब शेजारचे कॅल्साइट खाऊन टाकतो. एवढ्यानेही संशय फिटला नाही, तर क्ष-किरणांची परीक्षा होईपर्यंत चिठ्ठीवर दोन्ही नावे लिहावीत. त्यात कमीपणा नाही.

माझा मुख्य आक्षेप याहून पुढचा आहे. कित्येक संग्राहक निळा गोळा मूळ दगडावरून खरवडून घेतात आणि चिठ्ठीवर केवळ 'पुणे' लिहितात. ज्या सोबतीवरून त्याची ओळख पटावयाची, तीच नाहीशी होते. संदर्भ तोडून उद्धृत केलेल्या कडव्याची जी गत, तीच त्याची. शिवाय अशा खाणी खडीसाठी खणलेल्या असतात. तेथे पहिली नजर कामगाराची पडते, आणि त्याला जे ओळखता आले नाही ते भरडले जाऊन रस्त्यात जाते. म्हणून संग्राहकाने आपल्या चिठ्ठीवर खाण, थर आणि सोबतीची खनिजे तर लिहावीतच, पण ज्याने दगड वाचविला त्या कामगाराचे नावही लिहावे.