कात टाकली म्हणजे मादी तयार झाली?

धामणींची 'जोडी' तुमच्यापैकी काहींनी शेतात पाहिली असेल. एकमेकांना पीळ घालून अर्धं अंग वर उचलणारे ते दोन साप नर असतात. मीलन नव्हे, झुंज चाललेली असते. बघणारा मात्र त्यांना नवरा-बायको ठरवून मोकळा होतो. सापांच्या प्रजननाच्या नोंदी वाचताना मला हे सारखं आठवतं.

अमेरिकेतला कॉर्न स्नेक हा रॅट स्नेकांपैकीच एक. पाळणाऱ्यांचा रिवाज असा: हिवाळ्यात थंडावा द्यायचा, वसंतात मादीने कात टाकली की पेटीत नर सोडायचा. अंडी मिळतात, त्यामुळे रिवाजाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते 'कात टाकल्यावरच मादी ग्रहणशील होते' या निष्कर्षाशी. अहो, नर सोडला कधी? कात टाकल्यावरच ना! मग मीलनाची तारीख त्याआधीची कुठून येणार? कात टाकण्याआधी नर सोडून पाहिल्याचा रकानाच त्या वहीत नाही. अंड्यांच्या तारखेवरून मागे मोजू म्हणाल, तर मादी शुक्राणू साठवून ठेवू शकते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फ्रँक बीच यांनी १९७६ मध्ये सस्तन माद्यांबद्दल लिहिताना आकर्षकता, पुढाकार आणि ग्रहणशीलता या तीन गोष्टी वेगळ्या केल्या. नर जीभ लपलपवत मादीच्या पाठीवर चढला, तर तुम्ही तिची आकर्षकता मोजलीत, म्हणजे तिच्या त्वचेवरच्या फेरोमोनचा नरावरचा परिणाम. ती सरपटत निघून गेली की शेपटी उचलून थांबली, हे वेगळं नोंदवायला हवं. तेही पुरत नाही. कॅनडातल्या गार्टर स्नेकांबद्दल शाइन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं, की नराच्या अंगाच्या लाटांनी मादीचा श्वास कोंडतो आणि त्या ताणात तिचा अवस्कर उघडतो. तो साप वेगळा, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नका; शंका मात्र जरूर उचला.

निदान एवढं करता येईल: नर सोडायचे दिवस चिठ्ठ्या टाकून ठरवा, कात टाकण्याआधीचेही धरा, आणि नर-मादीच्या हालचाली दोन वेगळ्या रकान्यांत लिहा.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये 'ग्रहणशीलता' हा शब्द पानापानावर होता. गाईडने लाल पेनाने एवढंच विचारलं होतं, "कुणी मोजली?" शेवटी बहुतेक ठिकाणी तो खोडून मी 'नराचं प्रणयाराधन' असं लिहिलं.